आम्हाला जड उचलू द्या

प्रति,
श्रीमती रेखा गुप्ता,
मुख्यमंत्री, दिल्ली



२० फेब्रुवारी २०२५ रोजी रामलीला मैदानावर आपण शपथ घेतलीत आणि सुषमा स्वराज, शीला दीक्षित व आतिशी यांच्यानंतर दिल्लीला चौथी महिला मुख्यमंत्री मिळाली. बायकांच्या अनेक मागण्या तेव्हापासून आपल्या टेबलावर येत असतील. माझी मागणी एकच आहे. ती आधी सांगते, कारणं मागाहून. पंचेचाळिशी ओलांडलेल्या दिल्लीतल्या प्रत्येक बाईला घराजवळ, आठवड्यातून दोनदा, वजनं उचलायला शिकवणारा सरकारी वर्ग मिळावा. तो छपराखाली भरावा, शिकवणारी शक्यतो बाई असावी आणि तिथे खरी वजनं असावीत: बार, लोखंडी प्लेट्स, डंबेल.

पत्र मराठीत लिहिते आहे, कारण पहाडगंज, करोलबाग, पश्चिम विहारचं आनंदवन, नोएडा, गुडगाव अशी मराठी घरं या शहरात पसरली आहेत आणि त्या घरांतल्या बायकांनी ही मागणी आपली म्हणून पुढे न्यावी असं मला मनापासून वाटतं. हिंदी प्रत आपल्या कार्यालयाला वेगळी पाठवते आहे.

पाळी सलग १२ महिने आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असं डॉक्टर धरतात. भारतात ती सरासरी ४६-४७व्या वर्षी येते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. अंगातून वाफा निघणं, रात्रीची झोपमोड, चिडचिड, ही त्या काळाची लक्षणं निदान जाणवतात तरी. हाडांत चाललेलं जाणवत नाही. हाड आयुष्यभर थोडं झिजतं आणि थोडं नव्याने बांधलं जातं. झीज आवाक्यात ठेवण्याचं काम इस्ट्रोजेन करतं. ते घटलं की झीज पुढे जाते आणि बांधणी मागे पडते. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत काही जणींच्या हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरते. स्नायू तर तिशीनंतरच हळूहळू घटायला लागलेले असतात, तेही आता लवकर उतरतात. स्नायू कमी झाले की रक्तातली साखर वापरली जाण्याची जागाच कमी होते. म्हणून मधुमेहाचा धोका याच वयात वाढतो. यातलं काहीही दुखत नाही, त्यामुळे कुणी दवाखान्यात जात नाही. कळतं ते मोरीत पाय घसरल्यावर.

आपल्या शेजारचा रोहतक जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातच येतो. तिथे २००९ या एका वर्षात खुब्याचं हाड मोडलेल्या रुग्णांची नोंद डॉक्टरांनी काळजीपूर्वक केली. पन्नाशीपुढच्या दर एक लाख बायकांमागे १५९ जणींचा खुबा मोडला होता. पुरुषांमध्ये हाच आकडा १०५ होता. खुबा मोडणं म्हणजे हात मोडून प्लास्टर घालण्यासारखं नाही. शस्त्रक्रिया लागते, महिनोन्महिने अंथरूण धरावं लागतं. जगभरच्या अभ्यासांत असं दिसतं, की खुबा मोडलेल्यांपैकी साधारण पाचातली एक व्यक्ती वर्षभरात दगावते आणि वाचलेल्यांतल्या अनेक जणी पुन्हा पूर्वीसारख्या चालत नाहीत. घरात एका बाईचा खुबा मोडला की दुसरी बाई, बहुधा सून किंवा मुलगी, कामधंदा सोडून तिच्या उशाशी बसते.

यावर दिल्लीने आजवर आम्हाला काय दिलं, हे न्यायाने सांगायला हवं. चालायला बागा दिल्या, आणि त्या सुंदर आहेत. लोधी गार्डनपासून गल्लीतल्या छोट्या पार्कपर्यंत उघड्यावरची व्यायामयंत्रं बसवली. महापालिकेने माता सुंदरी रस्त्यावर फक्त बायकांसाठी पिंक पार्क केला. दर्यागंजात तर पर्दा बाग फार पूर्वीपासून बायका-मुलांसाठीच राखलेली आहे. २०२१च्या डिसेंबरात ‘दिल्ली की योगशाला’ सुरू झाली, तेव्हा पंचवीस माणसं जमली की योगशिक्षक मिळायचा. हे सगळं उपयोगाचं आहे. चालण्याने हृदय आणि मन ठीक राहतं, योगाने सांधे मोकळे राहतात, तोल सुधारतो. पण पाळी गेलेल्या बाईच्या हाडाला आणि स्नायूला ज्याची सर्वांत जास्त गरज असते, ते यातल्या एकातही पुरेसं मिळत नाही. त्यांना भार लागतो, आणि तो वाढता लागतो.

हाड आपल्यावर पडणारा ताण ओळखतं आणि ताणाप्रमाणे स्वतःला घट्ट करतं. रोजच्या सवयीचा ताण त्याला नवीन राहत नाही. म्हणून वर्षानुवर्षं त्याच बागेत तेवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या बाईची हाडंही ठिसूळ निघतात आणि तिला वाटतं, मी तर रोज व्यायाम करते! पार्कातल्या बहुतेक यंत्रांवर आपल्याच शरीराचं वजन हलतं, त्यात भर घालायची सोय नसते. पहिल्या दिवशी जेवढा भार, तेवढाच दहा वर्षांनी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम व्यायामाच्या जोडीला किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम सांगितला आहे. पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद दोन्ही सांभाळणारा व्यायाम करायला सांगितलं आहे. आम्ही सूचनेतला चालण्याचा भाग उचलला आणि ताकदीचा सोडून दिला.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या ग्रिफिथ विद्यापीठात झालेला एक प्रयोग आपल्या आरोग्य विभागाने जरूर वाचावा. ‘लिफ्टमोर’ हे त्याचं नाव. पाळी गेलेल्या, हाडांची घनता आधीच कमी झालेल्या १०१ बायका त्यात होत्या. सरासरी वय ६५. निम्म्या जणींना घरी करायचे हलके व्यायाम दिले. बाकीच्या आठवड्यातून दोनदा, फक्त अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजनं उचलत होत्या. जमिनीवरून बार उचलणं, खांद्यावर बार घेऊन बैठक मारणं, डोक्यावर बार ढकलणं आणि दांड्याला लटकून खाली उडी घेणं, एवढे चारच प्रकार. सुरुवातीचे आठवडे नुसतं तंत्र शिकण्यात गेले, मग हळूहळू वजन इतकं वाढवलं की पाचापेक्षा फार वेळा उचलता येऊ नये. आठ महिन्यांनी वजनं उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली होती आणि हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली होती. एवढ्या काळात इजा म्हणाल तर एकीची कंबर किरकोळ लचकली. ठिसूळ हाडांच्या बायकांनी जड उचलू नये, हा समज इतक्या ठामपणे खोडून काढणारे प्रयोग फार थोडे आहेत.

‘पण आता वय झालं’ असं कुणी म्हणेल. १९९० साली बोस्टनमध्ये एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांची वजनं उचलायला लावली होती. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. उदाहरण घरचंच हवं असेल तर नजफगढकडे बघा. तिथल्या भगवानी देवी डागर यांनी वयाच्या ९४व्या वर्षी, २०२२ साली, फिनलंडमधल्या तांपेरे इथे ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेत १०० मीटर धावण्याचं सुवर्णपदक २४.७४ सेकंदांत मिळवलं आणि गोळाफेकीतही पदक आणलं. बागपतच्या जोहडी गावात चंद्रो तोमर साठी उलटल्यावर नातीबरोबर रायफल क्लबमध्ये गेल्या आणि स्वतः नेमबाज झाल्या. पिस्तूल धरलेला हात हलू नये म्हणून त्या पाण्याने भरलेला जग हातात धरून उभ्या राहण्याचा सराव करत. त्यांच्या जाऊबाई प्रकाशी तोमर यांनीही त्याच वयात बंदूक हाती घेतली. या बायकांना कुणीतरी जागा दिली आणि शिकवलं. तेवढंच आम्ही मागतो आहोत.

आमच्या मागणीला खरा अडसर घरात आहे, हेही मला माहीत आहे. ‘जड उचलू नकोस’ हे वाक्य बाईला पहिल्या बाळंतपणापासून ऐकवलं जातं आणि त्यामागे माया असते. पाळी जायच्या सुमारास तर नवरा, मुलगा, शेजारीण सगळेच ते म्हणायला लागतात. ज्या बाईला गुडघेदुखी आहे तिला जिना चढू नको म्हणतात, आणि मग मांडीचे स्नायू आणखी लुळे पडून गुडघ्यावरचा भार उलट वाढतो. मांडीचे स्नायू बळकट केले की गुडघ्याचं दुखणं कमी होतं, हे फिजिओथेरपिस्ट रोज सांगतात. सरकारी वर्ग भरायला लागला, आरोग्य मंदिर या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने कागदावर ‘वजन प्रशिक्षण, आठवड्यातून दोनदा’ असं लिहून दिलं, की घरातल्या मायेलाही धीर येईल. डॉक्टरांचा शब्द घरोघर मानला जातो.

काळजी मात्र घ्यायलाच हवी आणि ती वर्गाच्या रचनेतच असावी. रक्तदाब मोजल्याशिवाय कुणाला उभं करू नये. ज्यांचा मणका आधी दबला आहे त्यांना वजन घेऊन पुढे वाकायला लावू नये. ज्यांचं अंग बाहेर येतं किंवा शिंकताना लघवी सुटते त्यांना आधी ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम शिकवावेत. भार उचलताना श्वास कोंडून धरू नये, हे पहिल्याच दिवशी शिकवावं. पहिले दोन महिने खुर्चीतून हात न टेकता उठणं, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ताठ चालणं, भिंतीवर जोर काढणं एवढंच पुरे. मग वजन वाढवत न्यावं. जेवणाचंही सांगावं लागेल. चहा-पोळीवर दिवस काढणाऱ्या बाईच्या अंगी स्नायू धरत नाहीत. तिला रोज डाळ, दही, पनीर, सोयाबीन, जमत असेल तर अंडी लागतात. उन्हाच्या या शहरात ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, ते तपासून घ्यावं लागेल. आणि खोटं आश्वासन देऊ नये. अंगातून निघणाऱ्या वाफा वजनं उचलल्याने थांबतील असं ठामपणे सांगता येत नाही. त्यासाठी वेगळे उपचार आहेत. ताकद, हाडं, साखर, तोल या चार गोष्टींचं मात्र छातीठोकपणे सांगता येतं.

‘आमच्या कष्टकरी बायका तर दिवसभर जडच उचलतात’ असा प्रश्न आपले अधिकारी विचारतील, आणि तो रास्त आहे. टँकरमागे धावून पाण्याचे डबे वाहणारी संगम विहारची बाई, बांधकामावर विटा वाहणारी बुंदेलखंडाची बाई, चार घरची धुणीभांडी करणारी बाई, यांना पुन्हा वजनं उचलायला सांगायचं? त्यांच्या अंगावर भार आहे, पण तो एकाच बाजूने पडतो, विश्रांतीशिवाय पडतो, आणि पोटात पुरेसं अन्न नसताना पडतो. त्याने शरीर बांधलं जात नाही, झिजतं. पाठ कशी ठेवायची, पायांच्या ताकदीने कसं उचलायचं, किती दिवस विसावा घ्यायचा, हे त्यांना शिकवणं त्यांच्या रोजीरोटीच्याही कामाचं आहे. आणि शुल्क भरून जिममध्ये जाणं त्यांना कधीच जमणार नाही. म्हणूनच हे काम सरकारचं आहे.

आता जागेचं. दिल्लीची हवा वर्षातले कित्येक आठवडे बाहेर व्यायाम करू देत नाही. १८ नोव्हेंबर २०२४ ला शहराचा हवा गुणवत्ता निर्देशांक ४९०च्या पुढे गेला होता. अशा दिवशी पार्कात जोरजोराने श्वास घेणं म्हणजे विष ओढणं. मे-जूनमध्ये सकाळी आठलाच ऊन चटके देतं. अंधार पडल्यावर अनेक पार्कांत बाई एकटी जात नाही. म्हणून छपराखालची जागा हवी, आणि ती नव्याने बांधायची गरज नाही. महापालिकेची समुदाय भवनं आणि बारातघरं लग्नाच्या तिथी सोडल्या तर बहुतेक दिवस कुलूपबंद असतात. आपल्या सरकारच्या शाळा हजाराच्या घरात आहेत. ज्या इमारतींत सकाळी मुली आणि दुपारी मुलगे अशा दोन पाळ्या चालतात तिथे अडचण येईल, पण एका पाळीच्या शाळांचे हॉल दुपारनंतर मोकळे असतात. छत्रसाल आणि त्यागराज ही स्टेडियमं दिल्ली सरकारची आहेत. छत्रसालच्या आखाड्यात घडलेल्या मल्लांनी देशाला ऑलिंपिक पदकं दिली, तिथल्याच एका हॉलमध्ये मॉडेल टाऊनच्या आज्यांना आठवड्यातून दोन दुपारी मिळाव्यात. दिल्ली विकास प्राधिकरणाची (डीडीएची) क्रीडा संकुलं केंद्राच्या अखत्यारीत येतात, तिथे आपण उपराज्यपालांशी बोलू शकता. पोहोचण्याची सोय तर आधीच झालेली आहे. २०१९च्या भाऊबीजेपासून बायकांना बसप्रवास मोफत आहे.

शिकवणाऱ्या बायका कुठून आणायच्या? दिल्ली सरकारचं स्वतःचं क्रीडा विद्यापीठ आहे आणि त्याच्या पहिल्या कुलगुरू कर्णम मल्लेश्वरी. सिडनीला २००० साली एकूण २४० किलो उचलून ऑलिंपिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. ज्या विद्यापीठाची सुरुवात एका वेटलिफ्टर बाईच्या हातून झाली, तिथे ‘रजोनिवृत्तीनंतरचं ताकद प्रशिक्षण’ असा काही महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असायला हवा. खेळ संपल्यावर नोकरीच्या शोधात असलेल्या कितीतरी कुस्तीगीर, वेटलिफ्टर, कबड्डीपटू मुली दिल्ली-हरियाणात आहेत. त्यांना मानाचं काम मिळेल. दिल्ली पोलिसांनी वर्षानुवर्षं शाळा-महाविद्यालयांतल्या मुलींना स्वसंरक्षण शिकवलं आहे. म्हणजे मोठ्या संख्येने बायकांना अंगमेहनतीचं काही शिकवण्याची व्यवस्था या शहराला नवी नाही. वजनं तर मेरठला, आपल्या दाराशीच बनतात. लोखंडाला फारशी देखभाल लागत नाही, वीज लागत नाही आणि ते दहा-वीस वर्षं टिकतं.

माझ्या मराठी मैत्रिणींना दोन शब्द. आपल्याकडे या व्यायामाचं बीज होतं. जातं, मुसळ, पाण्याचे हंडे यांनी आपल्या आज्यांचे दंड आणि पाठी घडल्या. मंगळागौरीत बसफुगडी, कोंबडा, झिम्मा, पिंगा खेळताना बायका खाली बसून उड्या मारायच्या. हाडाला हवा असलेला धक्का त्यात पुरेपूर मिळायचा, पण वर्षातून मोजक्या रात्रीच. सांगली-साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातून सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी करोलबाग आणि चांदनी चौकात आलेल्या गलाई घरांतल्या बायकांनी गावी शेत कसलं आणि इथे दोन खोल्यांत संसार मांडला. त्यांचं अंगकाम एकदम सुटलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियममध्ये मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा दिल्लीच्या मराठी माणसांनी किती एकजुटीने काम केलं हे आपण पाहिलं आहे. तीच एकजूट इथे लावा. आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोन संध्याकाळी बार आणि प्लेट्स आणून ठेवा. सरकार येईपर्यंत थांबू नका, आणि सरकारला मोकळंही सोडू नका.

मुख्यमंत्री महोदया, माझ्या मागण्या स्पष्ट करते. दिल्लीच्या ७० विधानसभा मतदारसंघांत प्रत्येकी एक हॉल आणि एक प्रशिक्षिका द्या. आरोग्य मंदिरांत पंचेचाळिशीपुढच्या बाईचा रक्तदाब आणि साखर तपासताना ती खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठते, तेही मोजा आणि तिला थेट वर्गाची चिठ्ठी द्या. ज्यांना हाडांच्या तपासणीची गरज आहे त्यांना ती सरकारी रुग्णालयात मोफत मिळावी. क्रीडा विद्यापीठात अभ्यासक्रम सुरू करा. वर्गाला येणाऱ्या बायकांची ताकद, तोल आणि पडण्याच्या घटना नोंदवून ठेवा, म्हणजे दोन वर्षांनी रोहतकसारखा दिल्लीचा स्वतःचा आकडा आपल्या हाती असेल. गुडगाव, फरिदाबाद, नोएडा, गाझियाबाद आपल्या अधिकाराबाहेर आहेत, पण आपण सुरुवात केलीत तर हरियाणा आणि उत्तर प्रदेशच्या बायका आपापल्या सरकारांकडे दिल्लीचं नाव घेऊन जातील.

१८ ऑक्टोबर हा जागतिक रजोनिवृत्ती दिन आणि २० ऑक्टोबर हा जागतिक अस्थिविरलता दिन. त्या दोन दिवशी भाषणं आणि मोफत तपासणी शिबिरं भरतील आणि संध्याकाळी मांडव उतरतील. यंदा त्याऐवजी दहा हॉलची कुलुपं उघडा आणि वर्षभर ती उघडी ठेवा. पाळी गेल्यानंतर बाईच्या आयुष्याची पंचवीस-तीस वर्षं अजून शिल्लक असतात. ती स्वतःच्या पायांवर, कुणाच्या आधाराशिवाय जगता यावीत एवढी ताकद आम्ही कमवायला तयार आहोत. कष्ट आम्ही करू. जागा, वजनं आणि शिकवणारी आपण द्या.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली,
दिल्लीत राहणारी एक मराठी बाई